तीन शिक्क्यांचं वाचन

हलवाई आपल्याच दुकानातली मिठाई खात नाही आणि शिंप्याच्या सदऱ्याचं एक बटण कायम तुटलेलं असतं. तेव्हा ग्रंथपालांनी गेल्या एकोणीस वर्षांत एकही कादंबरी वाचलेली नव्हती, यात नवल ते काय? नवल एवढंच की हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उलट या माणसाचं वाचन म्हणजे समुद्र, अशी त्यांची ख्याती होती. कुणी कादंबरी पुढं करून "ही कशी आहे हो?" असं विचारलं, की ते चष्मा वर सरकवायचे, छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "पकड घेते." पुस्तक जाडजूड असलं तर "हळूहळू पकड घेते." एवढ्या भांडवलावर त्यांनी एकोणीस वर्षं काढली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती ही.

आता, पुस्तक ते उघडतच नसत असं म्हटलं तर तो अन्याय होईल. नवं पुस्तक आलं की त्यावर तीन ठिकाणी ग्रंथालयाचा शिक्का मारावा लागतो. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि मधल्या एका गुप्त पानावर. चोरानं पहिलं आणि शेवटचं पान फाडलं, तरी गुप्त पानामुळं पुस्तक आपलं आहे हे सिद्ध करता येतं. प्रत्येक ग्रंथालयाचं गुप्त पान ठरलेलं असतं. इथं ते एक्कावन्नावं होतं. शिक्का वाळायला वेळ लागतो, फुंकर घालावी लागते, आणि फुंकर घालता घालता माणसाचे डोळे चार ओळींवरून फिरतातच. म्हणजे पुस्तकाचं नाव, एक्कावन्नावं पान आणि शेवट, एवढं प्रत्येक कादंबरीचं त्यांच्या नजरेखालून जात होतं. सगळं साहित्य त्यांना असं तीन शिक्क्यांपुरतं माहीत होतं आणि त्यांना त्यात काही कमी वाटत नव्हतं.

घोळ सुरू झाला तो कार्यकारी मंडळाच्या सभेत. अध्यक्ष लोखंडी सामानाचे मोठे व्यापारी. खिळ्यापासून तुळईपर्यंत काय कशाला लागतं हे त्यांना तोंडपाठ. कादंबरी कशाला लागते हे मात्र त्यांना आजवर कुणी पटवून दिलेलं नव्हतं. त्या वर्षी चोवीस नव्या कादंबऱ्या आल्या होत्या आणि दोन आठवडे कपाटात नुसत्या उभ्या होत्या. अध्यक्षांचं म्हणणं असं की कथा-कादंबऱ्यांच्या दालनात दुपारी चार म्हातारे आणि दोन पंखे एवढंच चालू असतं. ती कपाटं तळघरात न्यावीत आणि तिथं परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी टेबलं टाकावीत. बाकीच्या सभासदांनी चहाचे कप खाली न ठेवताच माना डोलावल्या.

कपाटं तळघरात म्हणजे ग्रंथपालही तळघरात, कारण त्यांचं टेबल त्या दालनाच्या खिडकीशी होतं. तळघरात एक दिवा होता आणि भिंतींना ओल होती. पण खरं सांगायचं तर त्यांच्या डोळ्यांपुढं आले ते हेडमास्तर. बायको गेल्यापासून हे निवृत्त हेडमास्तर रोज दुपारी दोनला स्वतःची उशी काखेत मारून त्या दालनात येत आणि साडेपाचला जात. तळघराच्या बावीस पायऱ्या त्यांना काही झेपल्या नसत्या. कधी नव्हे ते ग्रंथपाल सभेत उभे राहिले. पुस्तकं वाईट नाहीत, ती आली आहेत हे लोकांना माहीत नाही, असं ते म्हणाले. इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण जीभ सुटली ती सुटली. पुढं ते म्हणाले, "एक महिना द्या. चोवीसच्या चोवीस बाहेर काढून दाखवतो."

"एक जरी कपाटात राहिली," अध्यक्ष म्हणाले, "तर कपाट खाली."

तसा ठराव झाला, इतिवृत्तात नोंद झाली आणि आपण काय बोलून बसलो हे ग्रंथपालांना घरी जाताना कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी 'नवी आवक' नावाचा तक्ता करायला घेतला. चोवीस कादंबऱ्या, प्रत्येकीचा प्रकार आणि प्रत्येकीवर दोन-दोन वाक्यं. रहस्य, भय, प्रेम, इतिहास, विज्ञान, कौटुंबिक, सगळं काही. आता दोन वाक्यं लिहायची तर काहीतरी माहीत हवं, आणि त्यांना काय माहीत होतं ते आपण पाहिलंच. एक वाक्य एक्कावन्नाव्या पानाचं आणि एक शेवटच्या पानाचं, असा हिशेब त्यांनी सरळ मनानं लावला. रहस्यकथेपुढं लिहिलं, 'बंगल्यात खून होतो. अखेर डॉक्टर गुन्हा कबूल करतो.' प्रेमकथेपुढं, 'दोन भावांचं एकाच मुलीवर प्रेम. ती धाकट्याशी लग्न करते.' भयकथेपुढं, 'माडीवर पावलं वाजतात. ते मांजर असतं.' इतिहासापुढं, 'राजा मोहिमेवर निघतो. राजा मरतो.' विज्ञानापुढं, 'यान अद्याप निघालेलं नाही. यान परत येतं.'

बायकोनं तक्ता वाचला. तिला वाचनाचं वेड होतं; स्वयंपाक करताना तिचं पुस्तक डब्यांना टेकून उभं असायचं. "अहो, ही सगळी वाचलीत तुम्ही?" तिनं विचारलं. नजरेखालून घातलीत, असं ते म्हणाले. तिनं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि ती भाजी हलवायला वळली. शहाण्या माणसाला तेवढ्यावरूनच काय ते कळायला हवं होतं.

तक्ता जावक क्रमांक घालून, सही-शिक्क्यानिशी दारातल्या काचेच्या सूचनाफलकात लागला. देवघेवीच्या टेबलावरच्या बाईंनी फलकाला कुलूप घातलं. या बाई पुस्तकं देत-घेत असल्यानं सगळे त्यांना देवघेवबाई म्हणत. नियमांची वही त्यांच्या खणात असे आणि ती वही त्या कादंबरीसारखी आवडीनं वाचत.

दुपारी दोनला हेडमास्तर आले ते उशीसकट फलकापुढंच थबकले. मग संथ पावलं टाकत ग्रंथपालांच्या टेबलाशी आले आणि वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, की जी रहस्यकथा आपण आज घरी न्यायची म्हणून आलो, तिच्यातला खुनी फलकावर लावण्यामागं ग्रंथालयाचं काय धोरण आहे?

ग्रंथपाल चपापले. खून, डॉक्टर, कबुली. गुन्हेगाराला पश्चात्ताप होतो, हे त्यांना चांगलं बोधप्रद वाटलं होतं. खुनी लपवून ठेवायचा असतो, हे ज्याला चारशे पानं वाचावी लागतात त्याला कळतं. ज्याला शेवटचं एकच पान वाचायचं असतं त्याला कसं कळणार?

संध्याकाळपर्यंत प्रेमकथेवरून एक सून आणि तिची सासू येऊन गेल्या. एरवी त्यांचं आपसात कशावरही एकमत होत नसे, पण ग्रंथपालांच्या बाबतीत झालं. ग्रंथपाल घाम पुसत देवघेवबाईंकडे फलकाची किल्ली मागायला गेले. बाईंनी खण उघडला, पण किल्लीऐवजी वही काढली. जावक क्रमांक पडलेली सूचना तीस दिवस फलकावरून काढता येत नाही. त्यात खाडाखोड करता येत नाही. तिच्यावर कागद चिकटवता येत नाही.

"हा मूर्खपणाचा नियम केला कुणी?" ग्रंथपालांनी विचारलं.

बाईंनी वही फिरवून त्यांच्यापुढं ठेवली. खाली त्यांचीच सही होती. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी एक सूचना परस्पर काढली होती, तेव्हा त्यांनीच रागाच्या भरात हा नियम केला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

घरी आल्यावर त्यांनी शेजाऱ्यांपाशी मन मोकळं केलं. म्हणजे करायचं नव्हतं, पण जिन्यात गाठ पडली. शेजारी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर सल्ला देताना त्यांना कधी कुणी विचारावं लागलं नाही. त्यांनी चुटकीसरशी तोड काढली. सूचना काढता येत नाही ना? मग तिच्या शेजारी दुसरी लावा. शुद्धिपत्रक. आणि जाता जाता म्हणाले, की माल खपवायचा तर गिऱ्हाइकाच्या मनात उत्सुकता निर्माण करावी लागते. एकेका यंत्रासाठी मी तीन-तीन दिवस उत्सुकता निर्माण करतो.

नियम शुद्धिपत्रकाबद्दल काही म्हणत नव्हता. सकाळी फलकात लागलं, 'शुद्धिपत्रक क्र. १. अनुक्रमांक सातमध्ये डॉक्टरने गुन्हा कबूल केल्याचे नमूद आहे. ते रद्द समजावे. डॉक्टर निर्दोष आहे. खुनी कोण, हे वाचकांनी वाचूनच ठरवावे.'

हेडमास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच पुस्तक नेलं, तीन दिवस जेवणाखाण्याचं भान न ठेवता वाचलं, डॉक्टरला पहिल्यापासून बाजूला ठेवून माळ्यावर, आचाऱ्यावर आणि वकिलावर संशय घेतला, आणि चौथ्या दिवशी येऊन पुस्तक टेबलावर ठेवलं. उशी घेऊन ते कोपऱ्यात बसले आणि भिंतीकडे तोंड केलं.

पण ग्रंथपाल आता शेजाऱ्यांच्या सल्ल्यावर स्वार झाले होते. त्यांनी शुद्धिपत्रक क्रमांक दोन काढून उरलेल्या बहुतेक कादंबऱ्यांमध्ये उत्सुकता घातली. एका साध्यासुध्या कौटुंबिक कादंबरीपुढं लिहिलं, 'त्या घरात एकूण नऊ माणसं. शेवटी किती उरतात?' शेवटच्या पानावर धाकटी मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी जाते, एवढंच होतं. म्हणजे आठ उरतात, हिशेब चूक नव्हता. पण बँकेतल्या एका रोखपालानं ते पुस्तक रात्री दाराला कडी लावून वाचलं. तीनशे वीस पानं तो प्रेताची वाट बघत होता. आजोबा जिना चढायला लागले की त्याच्या छातीत धस्स होई. शेवटी कुणीच मरत नाही म्हटल्यावर त्यानं तक्रारवहीत दीड पान भरलं. त्यावर शुद्धिपत्रक क्रमांक तीन निघालं, 'अनुक्रमांक बारामध्ये कोणीही मरत नाही. वाचकांनी वाट पाहू नये.'

एवढ्यानं भागलं असतं, पण भयकथेतलं मांजर रद्द करायचं राहून गेलं होतं. ते चौथ्या पत्रकात रद्द झालं. मग मांजर रद्द, तर पावलं कुणाची, असं लोक विचारू लागले. ग्रंथपालांना उत्तर माहीत होतं, ते मांजरच होतं. पाचव्या पत्रकात त्यांनी मांजर 'पूर्ववत' केलं. फलकात आता जागा उरली नाही, म्हणून दंडाची सूचना काढावी लागली; ती तीस दिवसांपेक्षा जुनी होती, देवघेवबाईंनी तारीख तपासून परवानगी दिली.

आणि गंमत बघा, फलकापुढं गर्दी व्हायला लागली. कामावर जाणारी माणसं पाच मिनिटं आधी निघून नवं पत्रक वाचून जात. फलकावर लिहिलेलं खरं की खोटं यावरून दारात वाद होत, आणि वाद मिटवायचा तर पुस्तक न्यावंच लागे. सून आणि सासू प्रेमकथा एकत्र वाचू लागल्या, कारण धाकट्याशीच लग्न होतं याची सासूला खात्री पटत नव्हती. ग्रंथपालांच्या बायकोनं सहाशे पानांचा राजा घरी नेला. "मरतो हे तुम्ही सांगितलंतच," ती म्हणाली, "कसा मरतो ते तरी मला बघू द्या." सत्तावीस दिवसांत तेवीस कादंबऱ्या बाहेर पडल्या.

ग्रंथपालांना आनंद व्हायला हवा होता. पण ते केस कापायला गेले, तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या माणसानं आरशातून त्यांना ओळखलं आणि न्हाव्याला हळूच सांगितलं, की खुनी फोडणारे ते हेच. न्हाव्यानं कात्री थांबवून त्यांच्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांचा समुद्र त्या खुर्चीत आटला. मानेभोवती फडकं बांधलेलं असताना माणसाला उठून जाताही येत नाही.

आणि चोविसावी कपाटातच होती. अनुक्रमांक बावीस. पातळसं पुस्तक. तिचं एक्कावन्नावं पान चक्क कोरं होतं. शिक्का मारायला छान, पण लिहायला काही नाही. त्यामुळं तक्त्यात एवढंच आलं होतं, 'एका बाईची कादंबरी. शेवटी ती दार लावून घेते.' तिच्यात उत्सुकता घालायलाही ते विसरले होते. रोज ते पुस्तक दर्शनी ठेवायचे, आणि रोज ते तिथंच असायचं. दार काय, आपणही लावतो, असं म्हणून लोक पुढं जात.

शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी सगळे उपाय केले. बायकोच्या कार्डावर एकच पुस्तक मिळे आणि तिचा राजा अजून जिवंत होता. हेडमास्तरांच्या कार्डावर यान होतं, आणि शेजारी सल्ला देत असले तरी सभासद नव्हते. सभा पाचला होती. अखेर देवघेवबाई म्हणाल्या, "सर, तुम्हीच का नेत नाही?"

सोपी गोष्ट. पण एकोणीस वर्षांत त्यांना पुस्तक न्यायची वेळच आली नव्हती, त्यामुळं ते सभासदच नव्हते. अर्ज भरला. अर्जावर ग्रंथपालांची शिफारस लागते, आणि स्वतःची शिफारस स्वतःला करता येत नाही. हाही नियम त्यांच्याच सहीचा. देवघेवबाईंनी वही चाळून मार्ग काढला. सरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकायची. सर रजेवर गेले की प्रभारी ग्रंथपाल बाई. मग बाई शिफारस करणार. दुपारी एकला ग्रंथपाल रजेवर गेले, म्हणजे टेबलाच्या या बाजूनं उठून त्या बाजूला उभे राहिले. बाईंनी त्यांना अर्जातली एक चूक दुरुस्त करायला लावली, कार्ड दिलं आणि बावीस नंबर त्यांच्या नावावर चढवला. चोवीस पूर्ण.

आता पाचपर्यंत करायचं काय? रजा असल्यामुळं त्यांना स्वतःच्या टेबलावर बसता येईना. दालनातल्या वाचकांच्या खुर्चीत ते आयुष्यात पहिल्यांदा बसले आणि हातात काहीतरी असावं म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं. पहिल्या पानापासून.

एक बाई होती. तिची खोली घराच्या मधोमध. स्वयंपाकघरात, मोरीत, मागच्या अंगणात, कुठंही जायचं तर तिच्या खोलीतून जावं लागे. लग्न होऊन आल्यापासून तिच्या खोलीचं दार कधी लागलंच नव्हतं. लोक येत, जात, जाताना तिला काम सांगत. ती शिवण शिवत असे आणि दर चार टाक्यांनी पाय जवळ घेत असे. ग्रंथपाल वाचत गेले. पाय जवळ घेणारी ती बाई त्यांना फार ओळखीची वाटली, आणि कुठं पाहिली ते आठवेना. मग आठवलं. त्यांची आई चुलीपुढं अशीच बसायची. पन्नासाव्या पानावर कादंबरीतल्या बाईला मुलीचं पत्र येतं. पुढं ते कोरं पान होतं, आणि कोऱ्या पानावर त्यांचाच शिक्का, किंचित तिरका. रडू येईल अशी त्यांना भीती वाटली, म्हणून त्यांनी थोडा वेळ पंख्याकडे बघितलं आणि पुढचं पान उलटलं.

पाच वाजले, मंडळ जमलं. देवघेवबाईंनी प्रभारी म्हणून नोंदवही पुढं ठेवली. चोवीसपैकी चोवीस. अध्यक्षांनी बोट फिरवत फिरवत बाविसावर आणलं आणि तिथंच ठेवलं. हे पुस्तक कुणी नेलं? बाईंनी नाव सांगितलं, तसं सगळं मंडळ दालनात आलं. ग्रंथपाल हेडमास्तरांच्या शेजारी बसून वाचत होते. त्यांना कुणी आल्याचं कळलं नाही. हेडमास्तरांनी कोपर लावलं तेव्हा त्यांनी वर बघितलं.

अध्यक्ष म्हणाले, ही धूळफेक आहे. नुसतं नावावर चढवलं म्हणजे वाचलं असं होत नाही. खरंच वाचत असाल तर सांगा, शेवटी काय होतं?

"दार लावून घेते. ते फलकावर आहे," ग्रंथपाल म्हणाले. "का लावते ते मलाही अजून कळलेलं नाही. वीस पानं राहिलीत." मग जरा थांबून, कुणी न विचारताच, ते म्हणाले, "मी आजवर यातलं एकही वाचलं नव्हतं. नुसते शिक्के मारले. हे पहिलं."

हेडमास्तरांनी आपली उशी उचलली आणि ग्रंथपालांच्या पाठीमागं सरकवली.

समोरचा माणूस गयावया करील या तयारीनं अध्यक्ष आले होते, आणि हा तर बोट पानात घालून त्यांच्या जाण्याची वाट बघत होता. ठरावात पुस्तक बाहेर पडायला हवं एवढंच होतं, ते पडलं होतं. कपाटं जिथं होती तिथं राहणार हे त्यांना मान्य करावं लागलं. ते त्यांनी केलं, पण जाता जाता हात पुढं केला. "आणा बघू इकडं. काय एवढं आहे त्यात?"

एकोणीस वर्षांत अध्यक्षांनी मागितलेली वस्तू ग्रंथपालांनी दिली नाही असं झालं नव्हतं. "पुस्तक बाहेर आहे," ते म्हणाले. "पंधरा दिवसांची मुदत आहे. हवं असेल तर नंबर लावा."

अध्यक्ष देवघेवीच्या टेबलाशी गेले. तिथं हेडमास्तरांचा नंबर आधीच लागलेला होता, आणि त्याखाली देवघेवबाईंचा. बाईंनी पेन उचललं आणि अध्यक्षांकडे सभासद कार्ड मागितलं. ते नव्हतं. बाईंनी अर्ज पुढं केला. अध्यक्षांनी उभ्या उभ्या नाव, पत्ता, व्यवसाय लिहिला आणि अर्ध्यावर पेन थांबवून दालनाकडे वळून विचारलं, "पण इतक्या वर्षांनी ती दार लावते तरी का?"

ग्रंथपालांनी मान वर केली नाही. त्यांची अजून अठरा पानं राहिली होती.